पेट्रोलचें त्रैराशिक

मराठी शाळेंत शिकलेल्या माणसाच्या अंगांत त्रैराशिक असें मुरलेलें असतें कीं, पुढें जगांतील यच्चयावत् प्रश्न त्याच सांच्यांत ओतावेसे त्याला वाटतात. गेल्या दहा वर्षांत पेट्रोल इतकें वाढलें, तर पुढील दहांत किती वाढेल? वाहतुकीस उद्यां किती इंधन लागणार ह्याचे जे अदमास कानांवर येतात, त्यांतले पुष्कळसे ह्याच जातीचे असतात. ही रीत सोपी खरी. परंतु तिच्या भरंवशावर घर किंवा शहर बांधूं लागलें, म्हणजे ती कोठें दगा देते हें पाहणें अगत्याचें होतें.

विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. ब्रिटनचा कोळशाचा खप तेव्हां दरसाल शेंकडा साडेतीन ह्या मानानें वाढत होता. तोच वेग राहिल्यास १९६१ सालीं तो अडीचशें कोटि टनांवर जाईल, आणि इतका कोळसा निघणें तर अशक्य, तेव्हां राष्ट्राची भरभराट खुंटणार, असा त्याचा इशारा होता. प्रत्यक्षांत ब्रिटनमधील कोळशाचें उत्पादन १९१३ सालीं सुमारें २९ कोटि टनांवर कळसास पोंचलें आणि पुढें उतरत गेलें. मध्यंतरीं तेल आलें, मग नैसर्गिक वायु आला. त्रैराशिकाच्या पंगतींत ह्या पाहुण्यांसाठीं पाट मांडलेलेच नव्हते!

पुण्याचें उदाहरण तर आपल्या दारांतलें आहे. १८६३ सालीं बोरघाटांतला लोहमार्ग पुरा झाला, तेव्हां पुण्याची आगगाडी कोळसा खात असे. १९२५ सालीं कोणी जुन्या वह्या पाहून ह्या मार्गावरील इंजिनांच्या कोळशाचा वीस वर्षांचा अदमास बांधला असता, तर तो चार वर्षांतच रद्दींत गेला असता. कारण १९२९ सालीं विजेच्या तारा पुण्यापर्यंत आल्या, आणि १९३० च्या जूनपासून दख्खनची राणी विजेवर धावूं लागली. मात्र येथें एक खोंच आहे. कोळसा अगदींच नाहींसा झाला नाहीं. त्यांतील कांहीं कल्याणजवळ ठाकुर्ली येथें रेल्वेनें उभारलेल्या वीजघरांत जळूं लागला. इंधनाचा हिशेब करणाऱ्यानें गाडीचें धुराडें पाहून थांबूं नये, तार कोठून आली तेंही पाहावें, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

हे सारें आम्हांस पुस्तकी वाटलें असतें. पण सदाशिव पेठेंतील आमचा जुना वाडा पाडून नवी इमारत बांधण्याचें ठरलें, आणि हाच प्रश्न ओसरीवर येऊन बसला. मोटारींच्या जागा किती ठेवावयाच्या? नियमानें लागणाऱ्या जागा तर सोडाव्या लागणारच. त्यांवर आणखी चार हव्यात असें धाकट्या बंधूंचें म्हणणें. त्यासाठीं विहीर, पारिजातक आणि मागचें सारें परस ह्यांवर फरशी पडणार होती. “दादा, दहा वर्षांपूर्वीं आपल्याकडे दोन स्कूटरी होत्या. आज चार आहेत, वर एक मोटार. पुढल्या दहा वर्षांचा विचार नको का करायला?” ते म्हणाले. त्यावर ऐंशी उलटलेल्या आमच्या काकू माळ ओढतां ओढतां म्हणाल्या, “अरे, मोटारींना खोल्या झाल्या, मला टेकायला अंगण कुठं राहिलं?”

मग आम्हीं वही घेतली. इंधनाचा अदमास चार गोष्टींच्या गुणाकारानें होतो: वाहनें किती, प्रत्येक वर्षाला किती किलोमीटर धावतें, एका किलोमीटरला काय जळतें, आणि तें जळतें तें कोणत्या जातीचें. आमची एक स्कूटर दिवसाला १८ किलोमीटर, असे वर्षाचे ३०० दिवस फिरते; लिटरला ४५ किलोमीटर ह्या हिशेबानें १२० लिटर पेट्रोल झालें. चौघींचें मिळून ४८० लिटर. मोटार वर्षाला ९,००० किलोमीटर जाते, लिटरला १५ देते. तिचे एकटीचे ६००! चार दुचाक्यांना एक मोटार भारी पडली, हें आंकडे मांडीपर्यंत घरांत कोणाच्याच लक्षांत आलें नव्हतें.

पुतणीला विजेची स्कूटर घ्यावयाची होती. तिचाही हिशेब मांडला. शंभर किलोमीटरला सुमारें ३ युनिट वीज, म्हणजे वर्षाला १६०. एक लिटर पेट्रोलमधील ऊर्जा सुमारें ९ युनिटांइतकी असते. म्हणजे पेट्रोलच्या स्कूटरचा आंकडा हजाराच्या वर जातो. पण महाराष्ट्रांतील पुष्कळशी वीज आजही कोळशाची, आणि कोळशांतील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपानें बाहेर पडतो. तो विचार केला तरी खर्च निम्म्याच्या आसपास येतो. नफा आहे, पण जाहिरातींत भासतो तेवढा नाहीं.

शिवाय जेव्हन्सनेंच सांगून ठेवलेली दुसरी गोष्ट आहे, आणि ती आजही खरी ठरते: यंत्र काटकसरी झालें म्हणजे माणूस तें अधिक वापरतो. मंडईंत पायीं जाणारी मंडळी ‘चार आण्यांची तर वीज’ म्हणून गाडी काढूं लागलीं, कीं वाचलेल्यांतलें कांहीं पुन्हां खर्चीं पडतें.

जें घराचें तेंच शहराचें. सायकलींचें गांव म्हणून मिरवणाऱ्या पुण्यांत २०१८ सालीं नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढें! पण नोंदलेलें प्रत्येक वाहन रस्त्यावर असतेंच असें नाहीं. कित्येक भंगारांत गेलेलीं असतात. नुसत्या नोंदीवर अदमास बांधला, तर तो फुगतो. आणि फुगलेला अदमास निरुपद्रवी नसतो. मोटारी वाढणार म्हणून रस्ते रुंद करावे, रस्ते रुंद झाले म्हणून मोटारी वाढाव्या, आणि मग भाकित खरें ठरलें म्हणून आपणच आपली पाठ थोपटावी! विद्यापीठ चौकांतील उड्डाणपूल बांधून पुरता दीड तपाचाही काळ गेला नव्हता, तों हिंजवडीच्या मेट्रोसाठीं ते २०२० सालीं पाडावे लागले. चाळीस माणसें घेऊन लिटरला चार किलोमीटर जाणारी डिझेलची बस एका लिटरांत माणशी १६० किलोमीटरांचें काम करते. दोघांना नेणारी आमची मोटार ३० चें. शहराचें उद्यांचें इंधन किती, हें ह्या दोहोंपैकीं कोणती सोय आपण आज करतों ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

म्हणूनच जाणते लोक एकच आंकडा सांगत नाहींत. बस वाढल्या तर इतकें, न वाढल्या तर इतकें, असे जर-तरचे निरनिराळे हिशेब ते शेजारीं शेजारीं मांडतात. असे हिशेब मांडण्यासाठीं पुण्यांतीलच ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटानें ‘रूमी’ नांवाची संगणकप्रणाली तयार करून ती सर्वांस खुली ठेविली आहे.

आमच्या घरीं शेवटीं दोन रकाने झाले: जादा चार जागा ठेवल्या तर काय, न ठेवल्या तर काय. पहिल्यांत दुसरी मोटार जवळजवळ ठरलेलीच होती. जागा रिकामी दिसली कीं ती भरावीशी वाटते. दुसऱ्यांत परस राहत होतें. धाकट्या बंधूंचें अजूनही म्हणणें आहे कीं, पुढें जागा विकावयाची झाल्यास किंमत कमी येईल. त्यांत तथ्यही असेल. तथापि बहुमत परसाच्या बाजूनें पडलें. असलेल्या जागांपाशीं विजेची सोय करून ठेविली आहे, आणि मोटार कोणीं कोणत्या दिवशीं न्यावी ह्याचें पत्रक देवघराबाहेर लागलें आहे. वाचकांनींही एक महिना अशी वही घालून पाहावी. पहिल्या आठवड्यांत घरांत थोडी कुरकुर होईल, परंतु आपलें पेट्रोल नक्की कोठें जातें तें कळेल.