झेपेल तेवढेच

धारहून देवासला आत्याकडे शिकायला निघाले, तेव्हा वडील एकच बोलले, "वर्ष वाया जाऊ देऊ नकोस." बी.ए.चे पहिले वर्ष. मध्य प्रदेशात २०२१ पासून नवे धोरण. मेजर, मायनर, इलेक्टिव्ह, व्यावसायिक विषय, शिवाय आधार पाठ्यक्रम. तेवढ्यावर माझे समाधान होईना. संगणकाचा वर्ग, टंकलेखन आणि दोन शिकवण्याही अंगावर घेतल्या. दिवाळीपर्यंत वजन उतरले, चाचणीत दोन विषय गेले. घरी फोन करण्याचा धीर होईना.

आत्या रागावली नाही. देवीच्या टेकरीखालून जाताना 'भानुकुल'कडे बोट दाखवून म्हणाली, "बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमारजी १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले. काही वर्षे गाणे बंदच होते. पुढे एकाच फुप्फुसाच्या बळावर गायले. त्या श्वासात मावेल असे गाणे घडविले. ते काय कमी ठरले?"

दुसऱ्याच दिवशी टंकलेखन आणि संगणक सोडले. एक शिकवणी तेवढी ठेवली; पुस्तकांचा खर्च तिच्यावर निघे. वडिलांना फोनवर सारे खरे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वेळेवर झोपतेस ना?"

नव्याने येणाऱ्या माझ्या भावंडांनो, विषय निवडताना यादीच्या आधी आपला श्वास पाहा.