मधला हात

गेल्या दिवाळींत माझा नातू पवईहून दारव्ह्यास आला होता. नातू म्हणजे पुतण्याचा मुलगा. आमच्या घरांत चुलत-सख्खें असा भेद करण्याची रीत नाहीं. पवईच्या आय.आय.टी.त तो 'कंपायलर' या वस्तूचा अभ्यास करतो. घरांतील तरुण मंडळींस हें नांव परिचयाचें असेल. माझ्या वयाच्या वाचकांसाठीं इतकेंच सांगतों कीं, माणसानें लिहिलेल्या आज्ञा यंत्रास कळतील अशा भाषेंत उतरवून देणारा हा एक दुभाषी आहे. मात्र तो नुसतें भाषांतर करून थांबत नाहीं. अमेरिकेंत बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं १९५७ सालीं फोर्ट्रान भाषेचा कंपायलर पुरा केला, तेव्हांपासूनच मूळ लिहिणाराचा आळस व पाल्हाळ निस्तरणें हेंहि या दुभाष्याचें काम होऊन बसलें आहे. स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं सर्वांसाठीं खुला केलेला 'जीसीसी' हा कंपायलर आंतून कसा चालतो, याचें अध्ययन पवईस प्राध्यापक उदय खेडकर यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं वर्षानुवर्षें चालविलें. आपल्या मुलखांत हें शास्त्र इतकें रुजलें आहे, याचा मला पासष्टी उलटेपर्यंत पत्ता नव्हता!

फराळ झाल्यावर मीं त्याला म्हटलें, "तुझा दुभाषी सुधारणा करतो म्हणजे काय करतो, तें मला समजेल असें सांग." त्यानें पहिली युक्ति सांगितली तिचें नांव इनलायनिंग. आज्ञावलींत एखादें लहानसें काम एकदांच लिहून त्याला नांव देतात आणि पुढें जेथें गरज पडेल तेथें त्या नांवानें हाक मारतात. प्रत्येक हाकेला यंत्रास हातचें काम ठेवून तिकडे जावें लागतें आणि परत यावें लागतें. कंपायलर ही पायपीट वाचवितो. त्या कामाचा मजकूरच उचलून हाकेच्या जागीं उतरवून ठेवतो.

मला हें ऐकून हंसूं आलें, कारण ही युक्ति मी लहानपणापासून ओळखत होतों. पाणिनीच्या अष्टाध्यायींत सुमारें चार हजार सूत्रें आहेत आणि मागच्या सूत्रांतील पद पुढच्या सूत्रांत पुन्हां उच्चारावयाचें नाहीं, तें मनानें आणावयाचें, अशी त्यांची रचना आहे. 'इत्यादि' हें रूप साधणाऱ्या यण्-संधीच्या सूत्रास 'संहितायाम्' हें पद लागतें, परंतु तें उच्चारलेलें आहे पांच सूत्रें आधीं. भट्टोजी दीक्षितांनीं सिद्धान्तकौमुदींत सूत्रांचा क्रम विषयवार लावला आणि प्रत्येक सूत्राखालीं वृत्ति देतांना मागून येणारीं पदें तेथल्या तेथें भरून दिलीं. विद्यार्थ्याची मागें धांव वांचली. ग्रंथ मात्र वाढला. अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारी ती परंपरा! नातू म्हणाला, "आबा, आमच्याकडेहि तीच भीति आहे. सगळेंच असें उतरविलें तर मजकूर फुगतो आणि यंत्राच्या हाताशीं असलेल्या छोट्या, जलद स्मृतींत मावत नाहीं. म्हणून बहुधा लहान कामांनाच हा मान."

दुसरी युक्ति त्यानें सांगितली आणि तेथें माझें हंसणें थांबलें.

एका कामानें दुसऱ्यास हाक मारली, दुसऱ्यानें तिसऱ्यास, कीं प्रत्येकाला आपली एक चिठ्ठी ठेवावी लागते: परत कोठें यावयाचें आणि आपलें काय अपुरें आहे. या चिठ्ठ्यांची ताटांसारखी चळत होते. शेवटचें उत्तर आलें कीं वरून एकेक चिठ्ठी उचलीत उत्तर खालीं उतरतें. चळतीला जागा नेमून दिलेली असते, पुष्कळ यंत्रांवर आठ मेगाबाइट. ती भरली कीं सारी आज्ञावली कोसळते. हें मला शाळेंतल्या रांगेवरून चटकन् उमगलें. रांगेंतल्या पहिल्या मुलास विचारलें, "तुझ्यासकट मागें किती?" त्यानें मागच्यास विचारलें, त्यानें त्याच्या मागच्यास. शेवटचा म्हणाला "एक", आणि प्रत्येकजण त्यांत स्वतःचा एक मिळवीत उत्तर पुढें आलें. तोंवर सारी रांग ताटकळत उभी! परंतु कवायतीच्या तासाला आपण असें करतों काय? पहिला "एक" म्हणतो, दुसरा "दोन", आणि शेवटच्या मुलानें ओरडलेला आंकडा मास्तर थेट ऐकतात. आपला आंकडा सांगून झाल्यावर मधल्या मुलाचें कांहीं उरत नाहीं. त्यानें खुशाल पाणी प्यावयास जावें.

"हेंच!" नातू म्हणाला. "ज्याचें शेवटचें काम केवळ दुसऱ्याला हाक मारणें एवढेंच आहे, त्याची चिठ्ठी कंपायलर ठेवतच नाहीं. उत्तर त्याला वगळून मूळ विचारणाराकडे जातें. याला टेल कॉल म्हणतात." अमेरिकेंत सस्मन आणि स्टील यांनीं १९७५ सालीं 'स्कीम' नांवाची भाषा रचली, तींत ही शिस्त पुढें सक्तीचीच ठरली. उलट 'पायथन' भाषेचे जनक व्हॅन रॉसम यांनीं २००९ सालीं ती आपल्या भाषेंत घेण्यास साफ नकार दिला. चिठ्ठ्या पुसल्या तर कांहीं बिघडल्यावर चूक कोणाच्या हातीं झाली याचा माग राहत नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

आमच्या घरांत चिठ्ठ्या पुसल्या जात नसत. २००३ सालच्या उन्हाळ्यांत या नातवाच्या आईला, आमच्या धाकट्या सुनेला, एका शाळेंतून शिक्षिकेच्या जागेचें पत्र आलें. आठ दिवसांत होकार कळवावयाचा होता. मुलगा तेव्हां दोन वर्षांचा. तिनें सासूला विचारलें, वहिनींनीं माझ्या पत्नीला, पत्नीनें मला, आणि मीं नागपुरास थोरल्या दादांना फोन केला. दादा दुसऱ्याच दिवशीं म्हणाले, "जाऊं द्या तिला. मुलाला तुम्ही सांभाळा." उत्तर माझ्या हातीं आलें. त्यांत मला कांहींच मिळवावयाचें नव्हतें, आणि तरीहि मीं तें ठेवून घेतलें. अशी गोष्ट नीट बसून, चार शब्द समजावून सांगावी, असें मला वाटलें. मध्यंतरीं उमरखेडास एक लग्न निघालें. परत आल्यावर मीं पत्नीला सांगितलें, तिनें वहिनींना, वहिनींनीं सुनेला. मुदत आदल्या दिवशीं संपली होती.

घरांत कोणी चकार शब्द काढला नाहीं. सून पुढें घरीं शिकवण्या घेऊं लागली, आणि त्या शिकवण्यांतूनच या मुलाचें गणित पक्कें झालें, असें लोक कौतुकानें सांगतात. मीहि सांगत असें.

नातू तिसरी कांहीं युक्ति सांगत होता. माझें लक्ष नव्हतें. मी उठून स्वयंपाकघरांत गेलों. सून चकल्या तळीत होती. मीं उभ्यानेंच म्हटलें, "त्या नोकरीच्या पत्राचें उत्तर दादांनीं दुसऱ्याच दिवशीं दिलें होतें. तें माझ्यापाशीं राहिलें."

तिनें झाऱ्यावरच्या चकल्या निथळूं दिल्या. "ठाऊक आहे, काका," ती म्हणाली. "दादांनीं त्याच वर्षीं दसऱ्याला मला विचारलें होतें, गेली कां नाहींस म्हणून." मग गॅस बारीक करीत ती म्हणाली, "पत्र अजून माझ्या ट्रंकेंत आहे. चहा ठेवूं का तुम्हांला?"