वळायला जागा हवी

आज दुकानात बोटभर ऑस्कर पाहिले आणि घरी येऊन टाकीचं माप मांडत बसलो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा फूटभर वाढतो. माप त्या वाढलेल्या माशाचंच धरायला हवं.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची. शेपटी काचेला न घासता त्याला वळता आलं पाहिजे. एकट्या ऑस्करसाठीही ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी हवी. म्हणजे सुमारे २५५ लिटर पाणी आणि नुसत्या पाण्याचाच २५५ किलो भार. स्टँडही तसाच भक्कम हवा. भरपूर पाण्यात माशाने सोडलेला अमोनिया विरळ राहतो, पण फिल्टर आणि नियमित पाणीबदल चुकत नाहीत.

सिल्व्हर अरोवाना तर जवळपास ३ फुटांचा होतो. तेवढी जागा घरात नसेल, तर तो आणूच नये. त्याची कोंडी करून आपली हौस भागवणं मला पटत नाही.