नोटेचा बाक आणि पावलाची कमान

बंगळुरूत भौतिकशास्त्रात संशोधन करणारी एक विद्यार्थिनी धावण्यासाठी नवे बूट घ्यायला निघाली, तेव्हा तिचा निर्णय आधीच झालेला होता. सोल पातळ हवा, टणक हवा आणि टाच चवड्याहून उंच नको. जाड, मऊ सोलच्या बुटांत तिच्या नडग्या कित्येक महिने ठणकत होत्या.

निर्णयामागे वाचन होते. २०१० साली डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात आणि टाच आपटताना बसणारा पहिला तीव्र धक्का टाळतात, असे त्यात दिसले. त्या निबंधाचे एक लेखक मधुसूदन वेंकदेसन. पुढे त्यांनी बंगळुरूच्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम केले. २०२० साली त्यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये पावलाच्या ताठपणाचे कोडे उलगडले.

ते समजायला दहा रुपयांची नोट पुरते. एका टोकाशी धरलेली नोट मान टाकते. तिला आडवा किंचित बाक दिला की तीच ताठ राहते. मानवी पावलालाही अशी आडवी कमान आहे आणि पावलाच्या लांबीच्या दिशेतील ताठपणापैकी ४० टक्क्यांहून अधिक वाटा तिचा आहे. इतकी सुरेख रचना पायात असताना खाली फोमची गादी कशाला, असे तिला वाटले.

दुकानात तिने सोल अंगठ्याने दाबून पाहिला. तो दबला नाही. मग बूट वाकवून पाहिला. तो चवड्यापाशी सहज वाकला. टणकपणा आणि ताठपणा हे दोन निराळे गुण आहेत, हे तिला ठाऊक होते. निवड अचूक होती. दुसऱ्याच दिवशी ती नेहमीचे आठ किलोमीटर धावली.

तिसऱ्या आठवड्यात चवड्यामागचे एक हाड दुखू लागले. डॉक्टरांनी ताणामुळे हाडाला इजा झाल्याचे सांगून सहा आठवडे धावणे बंद केले. चवड्यावर उतरल्याने भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. गुडघ्यावरचा ताण कमी होतो. पोटरी, टाचेची शीर आणि पावलाची लांब हाडे यांच्यावरचा वाढतो. त्यांना तयार व्हायला महिने लागतात. तिने दिले होते वीस दिवस.

सक्तीच्या विश्रांतीत तिने आधी बाजूला ठेवलेला निबंध वाचला. लक्झेंबर्गमधील ८४८ हौशी धावपटूंच्या २०२० सालच्या चाचणीत मऊ सोलच्या गटाला दुखापती कमी झाल्या होत्या. मग तिने स्वतःची धावण्याची वही उघडली. नडग्या दुखू लागल्या, त्याच महिन्यात तिने अंतर चारवरून आठ किलोमीटरवर नेले होते. एकाच वेळी दोन गोष्टी बदलून दोष एकीला देणे, ही चूक तिने प्रयोगशाळेत कुणाचीही खपवून घेतली नसती.

पातळ बूट तिने टाकले नाहीत. पायाखालची जमीन कळते, म्हणून ते तिला आवडतात. आता एक दिवसाआड पहिली पाच मिनिटे त्यांत आणि उरलेले अंतर जुन्या बुटांत ती धावते. वहीत बुटांसाठी एक वेगळा रकाना आखला आहे. दर आठवड्याला त्यातला एकच आकडा बदलतो.