कागदी विजयंता

कागद एका वेळी एकाच दिशेला वाकतो. गुंडाळला की नळी होते, तिरका गुंडाळला की शंकू होतो. पण त्याच कागदाचा घुमट करायला जा, कडेला चुण्या पडल्याशिवाय राहत नाहीत. हा नियम मला कागदाच्या आधी पत्र्याने शिकवला. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत शीटमेटलची ड्रॉइंगं काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. डक्टचा कोपरा असो की हॉपर, उभी वस्तू आधी मनात उलगडून सपाट पसरायची, तिचं डेव्हलपमेंट काढायचं. मग शिअरिंग, मग बेंडिंग. निवृत्तीनंतर पत्र्याच्या जागी कार्डशीट आलं आणि पत्रा वाकवणाऱ्या प्रेस ब्रेकच्या जागी स्टीलची पट्टी. बाकी धंदा तोच.

त्यामुळे कागदाचा रणगाडा करायचा म्हटल्यावर माझी नजर विजयंतावर गेली, त्यात देशाभिमान थोडा आणि भूमिती जास्त. आराखडा मूळचा इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीचा. मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यातून पहिला विजयंता १९६५ साली बाहेर पडला. वजन सुमारे ३९ टन, तोफ १०५ मिलिमीटरची, आत माणसं चार. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की तो सपाट प्लेटांचा आहे. टरेटसुद्धा, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, प्लेटा कापून, वेल्डिंगने जोडून केलेला. म्हणजे ज्या माणसाने त्याचं ड्रॉइंग केलं, त्याने तो आधी माझ्यासारखाच उलगडून पाहिला असणार. उलट रशियन टी-५५ घ्या. त्याचा टरेट ओतीव, उपड्या कढईसारखा. अमेरिकन पॅटनचा तर खालचा सांगाडाही ओतकामाचा; त्याच्या अंगावर सरळ कोपरा शोधून सापडत नाही. असं गोलाईचं काम कागदात करायचं तर पाकळ्या कापून, एकमेकींना भिडवून, वरून घासून फसवणूक करावी लागते. पुष्कळ जण ती सुरेख करतात. मला मात्र त्यात राम वाटत नाही, कारण ओतलेल्या वस्तूला शिवण नसते आणि आपण तिला शिवण देत बसतो.

अशा कागदी मॉडेलांचं माहेर पोलंड. तिथे ‘माली मोडेलाश’ हे कापून चिकटवायच्या मॉडेलांचं मासिक १९५७ पासून निघालं आणि रणगाड्यांसाठी एकास पंचवीस हे प्रमाण तिथेच रुजलं. विजयंताचे तयार भाग मात्र मला कुठे मिळाले नाहीत, तेव्हा ते स्वतःच काढायचे होते. त्यासाठी नगरला जावं लागलं. सिन्नर, शिर्डी, राहुरी करत तिथे पोचलं की लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासूनचं. जुनी रोल्स रॉइसची चिलखती गाडी, माटिल्डा, चर्चिल, लढाईत हाती लागलेले पॅटन, सगळे उघड्यावर ओळीने उभे. लोक तोफेच्या नळीखाली उभे राहतात, मी विजयंताच्या मागच्या बाजूला वाकून वेल्डिंगचे सांधे बघत होतो. सांधा सगळं सांगतो. कुठली प्लेट कुठल्या प्लेटच्या अंगावर चढली, कुठली तिच्या आत शिरली, कडा कुठे तासली. जिथे त्यांचं वेल्डिंग, तिथे माझा फेव्हिकॉल, असं मी वहीत लिहून ठेवलं आणि शक्यतो पाळलं.

पंचविसाने भागलं की विजयंताचा सांगाडा होतो साधारण ३२ सेंटीमीटर लांब, पावणेतेरा रुंद. तोफेची नळी २२ च्या आसपास आणि तिचं तोंड चार मिलिमीटरचं. गंमत जाडीची आहे. २२० जीएसएमचं कार्ड पाव मिलिमीटरहून किंचित जाड असतं. त्याला पंचविसाने गुणलं की सहा-सात मिलिमीटर पोलाद होतं. म्हणजे माझा कागद मडगार्डांपुरता जवळजवळ खरा आणि चिलखतापुरता साफ खोटा, कारण विजयंताचं पुढचं चिलखत ८० मिलिमीटरपर्यंत आहे. बंद पेटीची जाडी बाहेरून कोण बघतो! पण झाकण उघडं दाखवायचं असेल तर कड दिसते. तिथे कार्डाचे तुकडे एकावर एक चिकटवून जाडी आणायची, प्रत्येक थरातले धागे आडवे-उभे ठेवून. नाहीतर वाळताना झाकण पापडागत वळतं.

धाग्यांची दिशा ही या कामातली पहिली आणि शेवटची गोष्ट. कार्डाचा चौकोनी तुकडा घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. एकीकडे तो निमूट वाकतो, दुसरीकडे हट्ट करतो. तोफेची नळी करताना धागे नळीच्या लांबीला समांतर हवेत. कागद आधी टेबलाच्या कडेवरून ओढून मऊ करायचा, मग विणकामाच्या स्टीलच्या सुईवर गुंडाळायचा. खरी नळी मुळाशी जाड आणि टोकाला बारीक, म्हणून कागद आयत न कापता एका बाजूला किंचित निमुळता कापायचा. शेवटची कड खालच्या अंगाला आली पाहिजे. तोफेच्या पोटाखाली कोणी बघत नाही, आणि बघणारा असलाच तर तो आपल्यातलाच.

घडी पाडायची ती संपलेल्या रिफिलने, पट्टी धरून, कागद न फाटेल इतक्याच दाबाने. कापलेली प्रत्येक कड पांढरी दिसते. ती जोडण्याआधी जलरंगाने हिरवी करून घ्यावी लागते. हे कंटाळवाणं काम टाळलं की लांबून सुबक दिसणारा रणगाडा जवळून लग्नपत्रिकेसारखा दिसतो. चाकं एका बाजूला सहा, प्रत्येक चाक जोडीचं. गोल कापताना चाकू जागेवर ठेवून कागद फिरवायचा. कडेला फेव्हिक्विक पाजलं की कागद कडक होतो, मग बारीक पॉलिश पेपरने घासता येतो, अगदी रबरी टायरसारखा.

खरी परीक्षा चाकांभोवतीच्या पट्ट्याची. प्रत्येक कडी वेगळी कापायची, दुमडायची, ओवायची. त्यात आठवडे जातात, ते ठीक. अडचण वेगळीच आहे. ३९ टनांना पंचविसाच्या घनाने भागा, उत्तर येतं अडीच किलो. माझा विजयंता मात्र इतका हलका की पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरून सरकतो. पोलादी पट्टा स्वतःच्या भाराने वरच्या रोलरांच्या मधे झोळ खातो. कागदी पट्टा ताठ उभा राहतो, जणू रणगाडा जमिनीला टेकलेलाच नाही. मग तो झोळ हाताने घालावा लागतो. एकेक कडी बोटाने दाबून, थोडी खाली, मधल्या रोलरवर पुन्हा वर. चाकांच्या दांड्याही अर्धा मिलिमीटर वर सरकवायच्या, म्हणजे गाडी आपल्या वजनाने बसल्यासारखी वाटते. माझ्या मते मॉडेल जमलं की फसलं ते इथे ठरतं. वरच्या बारीकसारीक खिट्ट्या-कड्या किती मोजून लावल्या यावर नाही.

प्रमाण चुकू नये म्हणून मी पुठ्ठ्याचा एक माणूस करून ठेवलाय, पावणेसात सेंटीमीटर उंच. तो झाकणाशी धरला की कळतं, आत शिरायला जागा किती कमी आहे. टरेटमध्ये तिघं, पुढे एकटा चालक. अशाच अपुऱ्या जागेत बसून माणसं लढली. पाकिस्तानविरुद्धच्या बसंतरच्या लढाईत, १६ डिसेंबर १९७१ ला, पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेल्या सेंच्युरियन रणगाड्यातून बाहेर पडले नाहीत, कारण तोफ अजून चालत होती. वय २१. त्यांचा तो ‘फामागुस्टा’ रणगाडा पुढे दुरुस्त करून नगरलाच जपून ठेवला आहे. काही जण मॉडेलवर गोळ्यांची भोकं, जळाल्याचे काळे डाग रंगवतात. कौशल्य मोठं असतं. माझ्याच्याने ते होत नाही. माझा विजयंता नुकताच आवडीतून निघाल्यासारखा कोरा असतो, आणि त्यावर कुठल्या रेजिमेंटची खूणही मी घालत नाही.

नाशिकमध्ये कागदाला मान आहे. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, नोटांची प्रेस १९२८ ची. अर्ध्या गावाचं पोट छापील कागदावर भरलंय. पण आषाढ-श्रावणात इथली हवा कार्डाला झेपत नाही. चिकटवलेल्या प्लेटा दमट होऊन फुगतात, कोपरे सुटतात, आणि डबा नीट बंद नसला तर कसर लागते ती वेगळीच. म्हणून पावसाळ्यात मी फक्त ड्रॉइंग करतो. कापाकापी दिवाळीनंतर, थंडी पडली की.

नातू म्हणतो, “आजोबा, थ्रीडी प्रिंटरवर एका रात्रीत होईल हो हे.” होईल, आणि टी-५५ चा टरेटही तितक्याच सहज होईल, पाकळ्या नकोत की चुण्या नकोत. म्हणूनच मला प्रिंटर नको. प्रिंटर थरावर थर चढवत जातो. त्याला प्लेट काय आणि ओतकाम काय, सारखंच. आवडीत कोणी तरी पोलादाची प्लेट कापून, कोन लावून उभी केली होती, हे त्या वस्तूत कुठेच उतरत नाही. हे मी नातवाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पुढचं काय करताय?”

पुढचं ठरलंय. रणगाडे नगरचे, पण आमचं देवळाली तोफखान्याचं. विजयंताचाच सांगाडा लांबवून त्यावर १३० मिलिमीटरची रशियन एम-४६ तोफ बसवली होती, नाव कॅटापल्ट. टरेट नाही, चालवणाऱ्यांच्या डोक्यावर सपाट छत. कागदाला याहून सोयीचं काही नसेल. घोडं अडलंय ते नळीपाशी. खरी नळी सात मीटरहून लांब, म्हणजे माझ्याकडे २८ सेंटीमीटरच्या पुढे, आणि ए-फोर कार्ड २९.७ चं. धरायला, छाटायला जागाच उरत नाही, आणि नळीला मधे सांधा द्यायला मी तयार नाही. ए-थ्री कार्ड हवं, तेही धागे लांबीत असलेलं. रविवार कारंज्यावरच्या दुकानदाराला तेवढं सांगून आलोय. तो म्हणाला, “काका, मागवतो, पण पूर्ण रीम घ्यावी लागेल.”