बचावफळीतली आई

फुटबॉलमध्ये ज्याला आपण बचावपटू म्हणतो त्याचे दैव मोठे विचित्र असते. आघाडीवर खेळणारा नऊ संधी वाया घालवतो आणि दहाव्या वेळी गोल करून खांद्यावर मिरवला जातो. बचावपटूने नऊ हल्ले परतवले तरी लोकांच्या ध्यानात राहतो तो निसटलेला दहावाच. सेमिनरीत असताना संध्याकाळच्या खेळात मलाही बहुधा मागेच उभे केले जाई (पुढे धावण्याइतका दम नव्हता, हे त्यामागचे खरे कारण), त्यामुळे या जागेविषयी मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. आमच्या धर्मग्रामातील काही मुलींबरोबर मीही तो पाहिला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले, आणि तो एकमेव गोल अखेरच्या काही मिनिटांत कोलंबियाच्याच एका बचावपटूकडून झालेला स्वयंगोल होता. परतताना मुली तिच्याविषयीच हळहळत होत्या. सामन्यात तिने आणखी काय काय केले होते, हे मात्र एकीलाही सांगता येईना. तेव्हा मी त्यांना जॉय फॉसेट यांची हकीकत सांगितली. तीच येथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

फॉसेट यांचा जन्म १९६८ मधला, कॅलिफोर्नियातला. शिक्षणसंस्थांत मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी मिळावी, असा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला आणि त्यामुळे महाविद्यालयांची मैदाने मुलींना खुली झाली. बर्कली येथील विद्यापीठात त्या खेळल्या, १९८७ मध्ये राष्ट्रीय संघात आल्या. १९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला तेव्हा त्या संघात होत्या. नावापुढे त्या वेळी माहेरचे आडनाव होते, बीफेल्ड. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मुलींचा संघ नव्याने उभा राहिला, त्याच्या त्या पहिल्या प्रशिक्षक झाल्या. म्हणजे एकीकडे नोकरी, दुसरीकडे राष्ट्रीय संघ. आणि १९९४ साली पहिली मुलगी झाली.

खेळाडू स्त्रीला मूल झाले की तिच्यासाठी निरोप समारंभ करायचा, अशीच तेव्हाची रीत होती. फॉसेट यांनी निरोप घेतला नाही. १९९५ च्या स्वीडनमधील विश्वचषकात त्या प्रत्येक सामन्याचे प्रत्येक मिनिट मैदानावर होत्या. दुसरी मुलगी १९९७ मध्ये झाली. १९९९ च्या विश्वचषकातही प्रत्येक मिनिट. तिसरी २००१ मध्ये. २००३ च्या विश्वचषकातही प्रत्येक मिनिट. तीन मुली, तीन विश्वचषक, अठरा सामने, आणि एकदाही बदली खेळाडू आली नाही. या आकड्यांपाशी मी अनेकदा थांबलो आहे. बचावपटूच्या कामाचा हिशेब कोणी ठेवत नाही म्हणतात, पण हा एक हिशेब मात्र चोख राहिला.

१९९९ चा विश्वचषक अमेरिकेतच भरला होता. त्यातील सर्वांना ठाऊक असलेले छायाचित्र ब्रँडी चॅस्टेन यांचे: चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारून, जर्सी हातात घेऊन गुडघ्यांवर बसलेल्या. पॅसाडेनाच्या त्या मैदानावर १० जुलै रोजी ९०,१८५ प्रेक्षक होते. जादा वेळ संपूनही ०-० असलेला सामना पेनल्टीवर ५-४ असा सुटला. मला महत्त्वाचा वाटतो तो मात्र नऊ दिवस आधीचा, जर्मनीविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. चॅस्टेन याही बचावपटूच. पाचव्याच मिनिटाला गोलरक्षक ब्रायना स्करी यांच्याकडे चेंडू मागे देताना त्यांच्याकडून स्वयंगोल झाला. मध्यंतराला अमेरिका १-२ अशी मागे. मध्यंतरानंतर चॅस्टेन यांनीच बरोबरी साधून तो डाग पुसला. ही कथा पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे आणि ती सुंदरही आहे. परंतु सामना जिंकून देणारा तिसरा गोल कोणाचा, हे विचारले तर फुटबॉलचे जाणकारही क्षणभर अडखळतात. ६६ व्या मिनिटाला शॅनन मॅकमिलन यांच्या कॉर्नर किकवर मागच्या फळीतून पुढे आलेल्या फॉसेट यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला होता. अंतिम सामन्यातही पाचांतली दुसरी पेनल्टी त्यांचीच होती. ती आत गेली, म्हणून कोणाच्या स्मरणात नाही!

त्याआधी १९९६ च्या ऑलिम्पिकमध्येही असेच घडले. चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात उजव्या बाजूने धावत जाऊन फॉसेट यांनी चेंडू टिफनी मिल्ब्रेट यांच्यापुढे सरकवला आणि सुवर्णपदक निश्चित झाले. नोंद अर्थातच मिल्ब्रेट यांच्या नावावर.

हे सारे सांगून झाल्यावर एखाद्या वक्त्याने ‘धन्य ती माता’ म्हणून टाळ्या घ्याव्यात, इतकी ही सामग्री तयार आहे. मला तसे करवत नाही. आमच्या क्रीडादिनी शाळकरी मुली जिवाच्या आकांताने धावतात. लग्न झालेल्या दिसतात त्या मंडपाच्या कडेला, इतरांच्या पिशव्या सांभाळताना. त्यांतल्या एका तरुण आईला मी एकदा खेळण्याचा आग्रह केला. ती हसून म्हणाली, “फादर, हौस खूप आहे, पण बाळाला कोण धरणार?” प्रश्न एवढाच आहे, आणि मातृत्वाची कितीही थोरवी गाऊन तो सुटत नाही.

फॉसेट यांच्या बाबतीत त्याचे उत्तर कोणीतरी दिले होते. घरी पतीचा आधार होताच. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या शिबिरांना आणि परदेश दौऱ्यांना तेवढे पुरत नाही. मुली आईबरोबर प्रवास करू लागल्या, संघातल्या इतर जणी त्यांना हक्काने उचलून घेऊ लागल्या. १९९९ पर्यंत कर्णधार कार्ला ओव्हरबेक याही आई झाल्या होत्या. मुलांना सांभाळण्याची सोय फुटबॉल महासंघाने आपल्या खर्चाने करावी, असे खेळाडूंनी करारातच घालून घेतले. म्हणजे उपकार म्हणून नव्हे, कामाची अट म्हणून. माझ्या मते त्या संघाने जिंकलेल्या चषकांइतकेच हे एक कलम मोलाचे आहे. मैदानावर मागे उभ्या असलेल्या स्त्रीच्या मागे आणखी कोणीतरी उभे होते, आणि त्याचा मोबदला कोणी द्यायचा हे कागदावर लिहिलेले होते.

अमेरिकेतील स्त्रियांची पहिली व्यावसायिक साखळी २००१ मध्ये सुरू झाली. फॉसेट सॅन डिएगो स्पिरिट संघाकडून खेळल्या, आणि धाकटीच्या जन्मानंतर त्याच हंगामात पुन्हा मैदानात उतरल्या. ती साखळी २००३ च्या विश्वचषकाला पाच दिवस उरले असताना पैशांअभावी बंद पडली. २००४ च्या ऑलिम्पिकनंतर त्या निवृत्त झाल्या. २३० हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने आणि २७ गोल. मागच्या फळीत खेळणाऱ्याच्या नावावर एवढे गोल सहसा नसतात. २००९ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल गौरवदालनात त्यांचा समावेश झाला.

जगाच्या कारभाराला यायला वेळ लागतो. खेळाडू स्त्रियांना किमान १४ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा द्यावी, हा फिफाचा नियम २०२१ च्या जानेवारीत लागू झाला. आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या स्त्री व पुरुष संघांना समान मानधन देणारा करार झाला, त्यात आणखी एक गोष्ट होती जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शिबिरांच्या व सामन्यांच्या काळात मुले सांभाळण्याची जी सोय स्त्रियांच्या संघाला पंचवीसहून अधिक वर्षे मिळत होती, ती आता पुरुषांच्या संघालाही मिळणार होती. फॉसेट यांची थोरली मुलगी त्या वर्षी २८ वर्षांची झाली.