आरसा आण, बाकीचं उद्यमनगर बघेल

कोल्हापूर,
19 जुलै 2026

चि. बाळ्यास,


डिसेंबरात येताना आबांसाठी दुर्बीण आणणार म्हणतोस, वाचून बरं वाटलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तू पाठवलेले तिन्ही फोटो मोठे करकरून बघितले. "आक्का, यातली कुठली?" याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर एकही नको. पण एवढंच लिहून थांबले तर तू रुसशील, म्हणून कारणांसकट लिहिते. फोनवर तू निम्मंच ऐकतोस.

पहिली स्वस्तातली. खोक्यावर '525 पट' असं ठळक छापलंय आणि दुर्बिणीचं तोंड आहे 70 मिलिमीटरचं. तोंडाच्या व्यासाच्या मिलिमीटरना दोनाने गुणलं की जो आकडा येतो, तिथपर्यंतच मोठं करून बघण्यात अर्थ असतो. इथे तो 140. त्यापुढे गुरू मोठा दिसतो खरा, पण पुसट, आणि दुर्बिणीला नुसता हात लागला तरी नजरेतून निसटणारा. 525 हा आकडा आकाश बघायला नाही, खोकं खपवायला आहे. शिवाय तिची तिवई बघितलीस का? आपल्या गच्चीवरचं वारं तिला उभंच राहू देणार नाही.

दुसरी दिसायला रुबाबदार. इक्वेटोरियल माउंट, खाली लोंबणारं वजन, दोन्ही बाजूंना आकडे कोरलेल्या चकत्या. त्या माउंटचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो, मग एकच चाक फिरवून तारा पकडून ठेवता येतो. तुझ्या न्यू जर्सीत ध्रुव चाळीस अंशांवर, तिथे हे झकास चालतं. कोल्हापुरात तो सतरा अंशांवरही नाही. हात लांब करून क्षितिजापासून मुठी मोजल्यास तर पावणेदोन मुठी. म्हणजे आस जवळजवळ आडवा झोपवायचा, आणि तेवढा झोपवला की बऱ्याच माउंटांचा वजनाचा दांडा तिवईच्या पायावर आपटतो. बरं, एवढं करून ध्रुव शोधायचा कुठे? आपल्या उत्तरेला आधी पाण्याची टाकी आणि तिच्यामागे नवं अपार्टमेंट.

तिसरी कॉम्प्युटरवाली. बटण दाबलं की हजारो वस्तू स्वतः शोधून देणारी. ही तुला मनापासून आवडलीय, कळतंय मला. पण दर रात्री तिला आधी दोन-तीन तारे ओळखून दाखवावे लागतात, बॅटरी चार्ज लागते, आणि आतला बोर्ड गेला तर इथे कोण बघणार? आबांचं आणि टीव्हीच्या रिमोटचं कसं जमतं ते तुला ठाऊक आहे. तेही सोडून देऊ. ज्या माणसाने जन्मभर उद्यमनगरात लेथ चालवला, त्याच्या हातात सगळं आपसूक करणारं यंत्र दिलं तर तो आठ दिवस कौतुक करेल आणि नवव्या दिवशी त्यावर कापड टाकेल.

म्हणून माझं म्हणणं असं की तू दुर्बीण आणूच नकोस. आरसा आण.

सहा इंची, म्हणजे दीडशे मिलिमीटरचा, 1200 मिलिमीटर नाभीय अंतराचा तयार आरसा. सोबत तो छोटा तिरपा आरसा, फोकसर आणि दोन आयपीस: एक 25 मिलिमीटरचं, एक 10चं. 1200ला भागून बघ, 48 पट आणि 120 पट मिळतात. त्यात चंद्र, गुरू, शनी आणि मृगातला तेजोमेघ सगळं आलं. 70 मिलिमीटरच्या मानाने प्रकाश साडेचार पट जमा होतो. हे सगळं हातातल्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून येईल. आठ इंची घे असं तुला तिथले लोक सांगतील. तिचा प्रकाश सहा इंचीच्या पावणेदोन पट, हे खरं. पण आपला जिना त्यांनी बघितलेला नाही, आणि आबांचे गुडघेही. जी दुर्बीण उचलून वर नेताना दोन माणसं लागतात ती खालीच राहते.

बाकीचं इथे होईल. प्लायवूडची चौकोनी नळी, खाली प्लायवूडचीच फिरती बैठक. बैठकीवर सनमायका, त्याखाली टेफ्लॉनचे तीन तुकडे; एवढ्यावर ती बोटाने ढकलली की सरकते आणि सोडली की जिथल्या तिथे थांबते. गिअर नाही, मोटर नाही. आरशाच्या मागे तीन बोल्ट आणि तीन स्प्रिंग, आरसा सरळ करायला. ते बोल्ट आबा स्वतः कातणार आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाहीत, लिहून ठेव. बघायचं भोक नळीच्या वरच्या टोकाला बाजूला असतं, त्यामुळे डोक्यावरचा तारा बघायला मान मोडावी लागत नाही. तारा खाली असला तर स्टुलावर बसून बघता येतं. तुझ्या पहिल्या फोटोतल्या भिंगाच्या दुर्बिणीत नेमकं उलटं, तारा जितका वर तितकं आपण खाली बसायचं.

ही बैठक काढली ती जॉन डॉब्सन यांनी. हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या रामकृष्ण परंपरेतल्या वेदान्त मठात संन्यासी होता. मठात राहून पुठ्ठ्याच्या नळ्या, भंगारातल्या काचा असलं काहीबाही जमवून दुर्बिणी करायचा आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. त्या नादापायी 1967 साली मठातून काढलं. त्यानंतर 2014मध्ये वारेपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मठाचं नुकसान झालं."

आणि आपल्या गावाला हे काही नवीन नाही रे. बाबूराव पेंटरांनी 1918 साली सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला, विष्णुपंत दामले हाताशी होते. बाहेरचा कॅमेरा परवडेना म्हणून गप्प बसले नाहीत. तेव्हा उद्यमनगरही नव्हतं. आज तिथल्या कुठल्याही गल्लीत शिरलास तर पिठाच्या गिरणीपासून पंपापर्यंत काय वाट्टेल ते कातून मिळतं, मग चार फळ्या आणि तीन बोल्ट म्हणजे काय?

आता तू विचारशील, मग आरसाही इथेच का नाही? इथेही होतो. पुण्यात आयुका या खगोलसंस्थेच्या कार्यशाळांत लोकांनी स्वतःच्या हाताने आरसे घासलेत. दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, एक काच दुसरीवर तास न् तास फिरवत राहायची. वरची काच हळूहळू खोलगट होते. सहा इंची आरशाला मधोमध खड्डा किती लागतो माहितेय? सव्वा मिलिमीटर. एवढ्यासाठी महिना-दोन महिने, कारण खड्डा पाडणं सोपं, त्याचा आकार साधणं अवघड. पृष्ठभागावर एका मायक्रॉनचा दहावा भागसुद्धा चूक चालत नाही. आबा लेथवर दहा मायक्रॉनमध्ये काम बसवायचे आणि ते गल्लीभर सांगायचे. ही चूक मोजायची युक्ती फूकोने 1858च्या सुमारास काढली, साहित्य म्हणजे एक दिवा, सुईएवढं भोक आणि एक पातं. अंधाऱ्या खोलीत आरशाकडून परतलेला प्रकाश पात्याने कापत गेलं की उंचवटे-खड्डे सावल्यांसारखे उठून दिसतात. हे ऐकल्यावर आबा रात्री उठून बसले होते. पण पहिलाच आरसा घासायला घेतला आणि बिघडला तर त्यांचा विरस होईल. यंदा तयार आरशावर आकाश बघू दे. घासायचं पुढच्या पावसाळ्यात, नाहीतरी तेव्हा करायला दुसरं काय असतं? जूनपासून तारा म्हणून दिसलेला नाही.

आयुकावरून आठवलं, आज नारळीकरांचा जन्मदिवस. 1938 साली ते इथे कोल्हापुरात जन्मले, 1988मध्ये पुण्यात आयुका उभी केली, आणि गेल्या वर्षी मे महिन्यात गेले. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच 'चार नगरं' आहेत: बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. त्या चारांत कोल्हापूर नाही याचं आबांना अजून वाईट वाटतं. मी म्हटलं, जन्म देऊन मोकळं झालेल्या गावाने हक्क सांगू नये. ते ऐकत नाहीत.

आरशाच्या जोडीला एक दोन डोळ्यांची दुर्बीणही आण, बायनॉक्युलर. 10 बाय 50 घे, 7 बाय 50 नको. कारण ऐक. पन्नासला सातने भागलं की सात येतात, म्हणजे तिच्यातून सात मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत डोळ्याकडे येतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात तेवढी उघडते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आबांची पाचाच्या आसपासच उघडते, उरलेला प्रकाश बाहेर सांडतो. दहाने भागलं की पाच, बरोबर मापात. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना निळा रंग जास्त गडद दिसतो. मृगातला तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य यांतला फरक ते पोरांना दाखवत असतात, तुमच्या डोळ्यांना जमत नाही म्हणतात. आरामखुर्चीत रेलून, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवून बघितलं की बायनॉक्युलर हलत नाही. कृत्तिका तर दुर्बिणीपेक्षा तिच्यातूनच सुंदर, कारण दुर्बिणीत त्या अख्ख्या मावतच नाहीत.

तुझ्या त्या अमेरिकन पुस्तकातले नकाशे मात्र तिथेच ठेव. ते चाळीस अक्षांशावरचे. अगस्ती तुझ्याकडे उगवतच नाही. इथे तो थंडीत दक्षिणेला वीस अंश वर येतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, लाखो ताऱ्यांचा गुच्छ, तुझ्याकडे क्षितिजाला घासून जातो. आपल्याकडे मे महिन्यात तो रात्री चांगला पंचवीस अंशांवर. त्रिशंकूसुद्धा दिसतो, फक्त दक्षिणेला समोर इमारत नको. म्हणून दुर्बीण झाली की एकदा पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठारावर जाऊ. गावातल्या होर्डिंगांच्या उजेडात ग्रह आणि चंद्र मजेत बघता येतात, पण तेजोमेघ बघायचे तर अंधारच लागतो. त्याला कुठलीही महागडी वस्तू पर्याय नाही.

गच्चीचंही एक तंत्र आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, त्या हवेत शनी थरथरतो. नऊ-साडेनऊनंतर बघायला सुरुवात केलेली बरी, आणि दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवलेली. नोव्हेंबरपासून गुऱ्हाळं, पेटवलेलं पाचट, नदीकडचं धुकं, सगळं क्षितिजावर साचतं. मावळतीची किरणं मूर्तीवर पडायचा अंबाबाईचा किरणोत्सव कधीकधी हुकतो तो अशाच पश्चिमेच्या ढगधुक्याने. त्याचे दिवस 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. 22 डिसेंबरपासून पुढे-मागे साधारण सारखेच दिवस मोज, म्हणजे दोन्ही वेळी मावळता सूर्य त्याच जागी का येतो ते कळेल. आबा हे देवळात उभं राहून लोकांना समजावतात. त्यामुळेच एक बजावते: आयपीसवर बसवायचा काळा सौर फिल्टर सोबत फुकट मिळाला तर तिथेच कचऱ्यात टाक. उष्णतेने तो तडकतो आणि डोळा जातो. इथे एखादं पोर हौसेने लावून बसायचं.

आणि सिलिका जेलच्या पुड्या भरपूर आण. पावसाळ्यात इथे काचेवर बुरशी धरते, कॅमेऱ्यांची भिंगं खराब झालेली मी बघितलीत. आरसा, आयपीस, बायनॉक्युलर सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत ठेवायचं. डबे माझ्याकडे आहेत.

आता तारखेचं. तू नाताळच्या सुट्टीत येतो म्हणतोस. त्याच आठवड्यात दत्तजयंती, म्हणजे पौर्णिमा, म्हणजे चंद्राच्या उजेडात बाकी काही दिसायचं नाही. अमावस्या 8 डिसेंबरच्या सुमाराला आहे. महिन्याच्या सुरुवातीला आलास तर नळी आणि बैठक तुझ्यासमोर होतील, आणि संध्याकाळी शनी चांगला उंचावर असेल. त्याची कडी 2025च्या मार्चमध्ये आडवी होऊन दिसेनाशी झाली होती, आता पुन्हा उघडायला लागलीत. रजा मिळत नसेल तर निदान आरसा आधी कुणाच्या तरी हाती पाठव, प्लायवूडचं मी बघते. मापं नक्की झाली की आरशाच्या व्यासाचा आणि जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कळव, इंचात नको.

आईसाठी चॉकलेटं आणू नकोस, तिची साखर वाढलीय.

तुझी,
आक्का